जुन्या यंत्राचे कागद

मे 1856 मध्ये जी.आय.पी. रेल्वेचे रूळ पळसदरीवरून खोपोलीला पोचले आणि तिथेच थांबले. पुढे बोरघाट होता. 14 जून 1858 ला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण खोपोली आणि खंडाळ्यामधला चढ प्रवासी पालखीतून, तट्टावरून पार करत आणि माल बैलगाडीने वर जाई. 21 एप्रिल 1863 ला 25 बोगद्यांसह घाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हा कुठे बंदरात उतरलेलं जड लोखंड एकाच गाडीतून देशावर जाऊ लागलं. डोंगराचा अडथळा असा काही वर्षांत मिटला. बंदरातला जकातीचा अडथळा मात्र रूप बदलत आजवर टिकून आहे, आणि वापरलेलं यंत्र परदेशातून आणणाऱ्याला तो सर्वांत जास्त भोवतो.

सुरुवातीला अडवणूक होती ती पाठवणाऱ्याच्या बाजूने. कापड गिरण्यांची यंत्रं देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून ब्रिटनने घातलेली बंदी 1843 मध्ये उठली. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1854 मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून यंत्रं आणली. 1915 मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झालं. त्याची यंत्रसामग्रीही समुद्रमार्गेच आली आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. हा सगळा माल नवा होता. 1878 च्या सागरी जकात कायद्यानुसार अधिकाऱ्याला मालाची किंमत ठरवावी लागे. नव्या मालाच्या बाबतीत कारखानदाराचं दरपत्रक पाहिलं की बहुतेक काम भागत असे.

वापरलेल्या यंत्राला दरपत्रक नसतं. पंधरा वर्षं चाललेल्या लेथची किंमत विकणारा एक सांगतो, घेणारा दुसरी मानतो आणि कस्टम्सचा अधिकारी तिसरीच धरतो. भारतात या प्रश्नात परकीय चलनाच्या टंचाईची भर पडली. 1940 मध्ये युद्धकाळातली तात्पुरती सोय म्हणून आलेलं आयात नियंत्रण 1947 च्या कायद्याने पक्कं झालं. 1957 च्या चलनसंकटानंतर ते आणखी आवळलं गेलं. हातात मोजके डॉलर असताना परक्या देशाने टाकून दिलेलं यंत्र कशाला घ्यायचं, ही सरकारची शंका रास्त होती. त्यातूनच वयाची अट आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या धोरणात परवान्याशिवाय येणारं यंत्र सात वर्षांपेक्षा जुनं नसावं आणि त्याचं किमान पाच वर्षं आयुष्य उरलेलं असावं, असा नियम होता. तसं प्रमाणपत्र चार्टर्ड इंजिनिअरकडून घ्यावं लागे.

वय ठरलं तरी किमतीचा वाद उरतोच. त्यासाठी अबकारी आणि सीमाशुल्काच्या केंद्रीय मंडळाने 1987 मध्ये एक कोष्टक दिलं. यंत्र ज्या वर्षी बनलं त्या वर्षीची त्याची नवी किंमत धरायची आणि तीतून घसारा वजा करायचा: पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच आणि पुढे 2 टक्के. एकूण वजावट मात्र 70 टक्क्यांपलीकडे जायची नाही. हा हिशेब हाताने करून पाहण्यासारखा आहे. एक कोटीचं यंत्र चार वर्षं वापरलेलं असेल तर 16, 12, 10 आणि 8 मिळून 46 टक्के वजा होतात आणि किंमत 54 लाख धरली जाते. सातव्या वर्षाअखेर वजावट बरोबर 70 वर पोचते आणि तिथेच अडते. पुढे यंत्र वीस वर्षांचं असो की तीस, कोष्टकाच्या दृष्टीने ते 30 लाखांचंच. परदेशातल्या बंद पडलेल्या कारखान्यातून कोणी ते 8 लाखांना घेतलं असेल, तर वादाला तोंड इथेच फुटतं.

किमतीत काय काय धरायचं, हा याहून मोठा प्रश्न. एस्सार कंपनीने 1987 मध्ये जर्मनीतल्या एम्डेन इथला स्पंज आयर्नचा अख्खा कारखाना विकत घेण्याचा करार केला. कारखाना सुटा करून, बांधून हजिऱ्याला आणायचा होता. त्यातली प्रक्रिया मिडरेक्स या अमेरिकी कंपनीची होती आणि ती वापरण्याचा परवाना वेगळे पैसे देऊन घ्यावा लागणार होता. हे शुल्क यंत्राच्या किमतीत मोडतं का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1996 च्या निकालात न्यायालयाने करारावरच बोट ठेवलं. परवाना मिळणं ही खरेदीचीच अट होती आणि परवान्याशिवाय तो कारखाना निरुपयोगी होता, म्हणून शुल्कही किमतीत धरावं लागेल. करार लिहिताना घातलेलं एक कलम ड्यूटीचा आकडा वाढवून गेलं.

आयातदाराच्या बाजूचा निकाल मुंबईतल्या एका प्रकरणात आला. आयशर ट्रॅक्टर्सने 1989 मध्ये बनलेल्या बेअरिंगचा पडून राहिलेला साठा 1993 मध्ये 77 टक्के सवलतीने घेतला होता. एवढी सवलत कस्टम्सला मान्य नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये सांगितलं, की नियमांत दिलेले अपवाद लागू होत नसतील तर व्यवहारात प्रत्यक्ष मोजलेली किंमतच धरली पाहिजे. माल वापरलेला नव्हता, नुसता जुना होता, पण तत्त्व मोठं होतं. खरी आणि कागदावर सिद्ध होणारी कमी किंमत हा गुन्हा नाही.

हे वाद केवळ बड्या कंपन्यांचे नव्हते. 1 एप्रिल 1999 पासून कापड उद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणेची केंद्रीय योजना आली. त्या सुमारास इचलकरंजी आणि भिवंडीच्या यंत्रमागधारकांनी युरोपातल्या बंद गिरण्यांमधले सुल्झर आणि रॅपिअर हे बिनधोट्याचे माग आणायला सुरुवात केली. नवा माग परवडत नव्हता आणि धोटा फेकणाऱ्या साध्या मागावर बाजाराला हवं तसं रुंद कापड निघत नव्हतं. या माणसांसाठी बंदरात आठवडाभर अडकलेला कंटेनर म्हणजे कर्जाच्या व्याजावर डेमरेजचा बोजा.

2004 च्या परकीय व्यापार धोरणाने जुन्या यंत्रांवरची वयाची अट काढून टाकली. भारतात हलवून आणायच्या अख्ख्या कारखान्यांसाठी घसारा वजा जाता किमान किंमत 50 कोटींवरून 25 कोटींवर आणली. काही वस्तू मात्र परवान्याखालीच राहिल्या. वापरलेला डिझेल जनरेटर हे त्यातलं नेहमी फसवणारं उदाहरण. विकणारा कारखाना रिकामा करताना जनरेटरही त्याच कंटेनरमध्ये चढवतो, घेणारा खूश होतो आणि परवाना नसल्याने बंदरात तोच नग अडकतो. मग 1962 च्या कस्टम्स कायद्यातली कलमं पुढे येतात: 111 खाली जप्ती, 112 खाली दंड आणि 125 खाली माल सोडवण्याची रक्कम.

खोपोली-खालापूरच्या पट्ट्यासाठी हे सगळं आता घरचंच आहे. फ्रेंच सहकार्याने 1962 मध्ये निघालेल्या महिंद्र युजीनचा पोलाद कारखाना खोपोलीत उभा राहिला तेव्हा परदेशी यंत्राचं बंदर मुंबई होतं. 1989 मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि बंदर रायगड जिल्ह्यातच आलं. तिथल्या कंटेनर यार्डात तपासणी होते तेव्हा अधिकारी आधी यंत्राच्या अंगावरची पाटी शोधतो. तळहाताएवढ्या पत्र्यावर कारखान्याचं नाव, मॉडेल, क्रमांक आणि वर्ष कोरलेलं असतं. तो क्रमांक इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि इंजिनिअरच्या अहवालाशी जुळला की अर्धं काम झालं. विकणाऱ्याने यंत्र चकचकीत दिसावं म्हणून पाटीवरच रंग मारलेला असेल, तर वय सिद्ध करण्याचा सर्वांत सोपा पुरावा गेला.

कस्टम्सच्या ऑक्टोबर 2015 च्या परिपत्रकाने इंजिनिअरच्या अहवालाचे नमुने ठरवून दिले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ही पद्धत पुन्हा बदलली. मूळ आग्रह तोच राहिला: यंत्र सुटं करण्याआधी, जागेवर असताना त्याची पाहणी व्हावी. यंत्र सुटं करण्याचा, बांधणीचा आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवावा. लाकडी खोक्यांवर कीडनाशक प्रक्रियेचा शिक्का असावा. यंत्रातलं जुनं तेल तिकडेच काढून टाकावं, कारण वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. 2021 पासून बिल ऑफ एन्ट्रीही साधारणपणे जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावं लागतं, त्यामुळे कागद मागाहून गोळा करण्याची जुनी सवय महागात पडते.

ज्याला कोणत्या शीर्षाखाली ड्यूटी लागेल किंवा किमतीत काय धरलं जाईल याचीच शंका आहे, त्याने पैसे पाठवण्याआधी ती विचारून घ्यावी. मुंबईत जानेवारी 2021 पासून कस्टम्सचं आगाऊ निर्णय प्राधिकरण काम करतं आणि त्याचा निर्णय अर्जदार आणि खातं दोघांवरही बंधनकारक असतो. एम्डेनच्या कारखान्याचा करार झाला तेव्हा कायद्यात ही तरतूद नव्हती. ती 1999 मध्ये आली.