राजानं राखलेलं, वहीनं वाचवलेलं

पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर बियाओविएझा नावाचं जुनं अरण्य आहे. तिथला बायसन म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. झारच्या शिकारीसाठी राखला गेला, म्हणून तो टिकला. मग पहिलं महायुद्ध आलं, राखण गेली. सैनिकांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी सुमारे ७०० जनावरं काही वर्षांत संपवली. १९२७ मध्ये कॉकेशसमधला शेवटचाही मारला गेला. रानात एकही उरला नाही.

उरले ते प्राणिसंग्रहालयांत आणि उपवनांत, जेमतेम ५४. आजचे शुद्ध वंशाचे सगळे बायसन त्यांतल्या अवघ्या १२ जणांची संतती. कोणाचे आईबाप कोण, हे वहीत नोंदवत वंश वाढवला. १९५२ मध्ये पहिले बायसन पुन्हा मोकळ्या अरण्यात सोडले. आज ते हजारोंनी आहेत.

आता प्रश्न असा: वहीत वंशावळ असलेला, हिवाळ्यात माणसानं ठेवलेलं गवत खाणारा हा प्राणी रानटी म्हणायचा का? आम्ही म्हणतो, हो. रानटीपण त्याचं त्याच्यापाशी आहे. बदलायचं होतं ते आपलं राखणं. राजा हक्क म्हणून राखत होता, हक्क गेला तशी राखणही गेली. आपण कर्ज म्हणून राखतो. आणि सगळा कळप १२ जणांच्याच रक्ताचा आहे तोवर ते कर्ज फिटलं असं समजू नये.