विळ्यांची चळत रचत नाही

परवा मामेभावाच्या मुलाचा रिपोर्ट बघितला. ताप, हाडं ठणकतायत, आणि ईएसआर फक्त ६. "नॉर्मल आहे," म्हणून सगळे निवांत. पोरगा सिकलसेलचा पेशंट आहे हे मात्र कुणाच्या लक्षात नाही! मग मी या चाचणीचा इतिहास वाचत बसलो.

रक्त नळीत उभं ठेवलं की तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात. तासाभरात वर किती मिलिमीटर पिवळसर द्रव सुटा झाला, तो आकडा म्हणजे ईएसआर. पण बाहेर काढलेलं रक्त तर गोठतं. म्हणजे रसायनाशिवाय ही चाचणी होणारच नाही. पोलंडच्या बिएर्नात्स्कीने १८९७ साली ऑक्झलेट वापरलं. १९२१ मध्ये स्वीडनच्या वेस्टरग्रेनने क्षयरोग्यांसाठी माप ठरवलं: चार भाग रक्त, एक भाग ३.८ टक्के सोडियम सायट्रेट. दोन्ही रसायनं रक्तातलं कॅल्शियम अडवतात, म्हणून गुठळी होत नाही. पण ती आकड्यातही ढवळाढवळ करतात. सायट्रेट जास्त पडलं तर रक्तातली प्रथिनं विरळ होऊन आकडा घटतो. पोटॅशियम ऑक्झलेटने पेशीच आकसतात.

या प्रथिनांचं काम काय? पेशी नाण्यांसारख्या एकावर एक चळत रचतात आणि जड होऊन भरभर बसतात. अंगात दाह असला की फायब्रिनोजेन वाढतं, चळती मोठ्या होतात, आकडा चढतो.

सिकलसेलची पेशी मात्र विळ्यासारखी वाकडी. वर्ध्याकडच्या बोलीत इळा. इळ्यांची चळत कशी रचणार? म्हणून आजार असूनही आकडा कमी राहू शकतो.

हा विळा दाखवतं तेही रसायनच. १९४८ मध्ये अमेरिकेत डालंड आणि कॅसल यांनी ऑक्सिजन काढून घेणाऱ्या रसायनांनी काचपट्टीवर पेशी वाकवून दाखवल्या. पुढे सोडियम मेटाबायसल्फाइटची चाचणी सगळीकडे रुळली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे विदर्भातला हा आजार तेव्हापासून नोंदलेला आहे.

भावाला फोन केला. दुसऱ्या डॉक्टरांनी सीआरपी करायला सांगितली, तिला पेशीच्या आकाराशी देणंघेणं नसतं. ती बरीच वाढलेली निघाली. उपचार सुरू झालेत, पोरगा आता जेवतोय.

असो. आपल्यापैकी कुणाच्या घरी सिकलसेल असेल, तर कमी ईएसआर बघून निवांत होऊ नका. डॉक्टरांना आधी ते सांगा, एवढंच.