परक्यांशी व्यवहार : कल्याण-ठाण्याचा धडा

परदेशी व्यापाराचे शिक्षण म्हटले की जमाखर्च, हुंडी आणि विमा यांचीच आठवण होते. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि वाणिज्य हा पदवीचा विषय झाला. परंतु परक्या चालीरीतींच्या माणसांशी विश्वासाने वागण्याची विद्या त्याहून फार जुनी आहे. उल्हास नदीकाठच्या कल्याणने व खाडीकाठच्या ठाण्याने ती अनुभवाने शिकून घेतली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वी ती राजमान्य पेठ होती. पुढे सत्ता पालटली आणि तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. बंदर तेच, खाडी तीच. परक्याला मिळणारे अभय तेवढे गेले आणि व्यापार अडला. सहाव्या शतकातील कॉस्मासच्या वृत्तांतात मात्र कल्याण पुन्हा नांदती पेठ दिसते. तेथून तांबे, शिसवी लाकूड व कापड जाई. शिवाय इराणातून नेमलेला ख्रिस्ती धर्माधिकारी तेथे राही. ज्याच्याशी व्यवहार करावयाचा, त्याच्या उपासनेलाही गावात जागा होती.

दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी मसूदी चौलला आला. तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांचा न्यायनिवाडा राजाने त्यांच्यातीलच एका प्रमुखाकडे सोपविला होता. चौल, सोपारे व ठाणे येथे एकच भाषा बोलली जाते, हेही त्याने टिपले. या देशी जन्मलेल्या मुसलमानांना ‘बयासिरा’ म्हणत. अशा घरांतील मुलांना दोन समाजांच्या रीती बाळपणीच अंगवळणी पडत असल्या पाहिजेत.

तथापि केवळ भाषा येणे पुरेसे नसते. १३२१ साली ठाण्यात उतरलेल्या चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांपैकी दिमित्री हा अनेक भाषांचा जाणकार होता. एका घरगुती तंट्यात साक्षीसाठी काजीपुढे बोलावणे आले, तेथे धर्माचा वाद पेटला आणि चौघेही प्राणास मुकले. शब्द कळले, पण वाद आवरील अशी मध्यस्थी त्या क्षणी उभी राहिली नाही.

आज ठाणे-डोंबिवलीतील तरुण दूरदेशीच्या पेढ्यांची कामे करतात. त्यांच्या अभ्यासक्रमात हिशेबाइतकेच या इतिहासालाही स्थान असावे. माल जहाजातून जातो. पत मात्र माणसाच्या वागण्यातूनच पोहोचते.