भ्रमनिरासाची साक्ष : अंगोलातील गुप्त कारवाई (१९७५-७६) आणि जॉन स्टॉकवेल

राज्यसंस्थेच्या गुप्त कारवायांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण साधनांची असते. ज्या कागदांवरून कारवाईचे स्वरूप निश्चित व्हावे ते कागद दीर्घकाळ शासनाच्या कुलपात असतात. आणि ज्यांनी ते लिहिले त्यांनी मौन पाळण्याची लेखी हमी दिलेली असते. अशा वेळी त्यांच्यापैकीच एखादा बाहेर पडून बोलू लागला, तर त्याच्या साक्षीचे मोल किती मानावे? वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर आक्षेप घेतले. हेरखात्यातून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याचे कथन हीही एका अर्थी बखरच होय : ती घटनेनंतर लिहिलेली असते, स्मरणावर विसंबलेली असते आणि लेखकाचा हेतू तीत मिसळलेला असतो. तथापि अस्सल कागद उपलब्ध होईपर्यंत ही बखर बाजूस सारली, तर शासनाचे निवेदन तेवढे इतिहास म्हणून शिल्लक राहते. या पेचाचा विचार अंगोलाच्या उदाहरणावरून करता येतो.

जॉन स्टॉकवेल याचा जन्म १९३७ चा. त्याचे बालपण बेल्जियन काँगोतील कसाई प्रांतात, मिशनच्या वसाहतीत गेले. अमेरिकेच्या मरीन दलातील सेवेनंतर १९६४ मध्ये तो सी. आय. ए. या गुप्तवार्ता संस्थेत दाखल झाला आणि आफ्रिकेत व व्हिएतनाममध्ये त्याने काम केले. १९७५ च्या उन्हाळ्यात अंगोलाविषयक विशेष पथकाचे प्रमुखपद त्याच्याकडे आले. त्या वर्षी पोर्तुगीज सत्ता अंगोलातून निघून जाण्याच्या बेतात होती. आगोस्तिन्यो नेतो यांची एम. पी. एल. ए., होल्डन रोबेर्तो यांची एफ. एन. एल. ए. आणि जोनास साविंबी यांची युनिटा या तीन संघटनांनी पोर्तुगालशी जानेवारीत आल्व्होर येथे करार केला होता. त्याच महिन्यात अमेरिकेने रोबेर्तो यांच्यासाठी ३ लक्ष डॉलर मंजूर केले. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मोठ्या कारवाईस अनुमती दिली आणि पुढे हा खर्च ३ कोटी डॉलरांच्या वर गेला.

स्टॉकवेलच्या 'इन सर्च ऑफ एनिमीज' (१९७८) या ग्रंथावरून एक गोष्ट स्पष्ट होते. त्याची श्रद्धा ढळली ती शत्रूला फसवावे लागते म्हणून नव्हे. ते तर त्याच्या व्यवसायाचे अंगच होते. मंजूर झालेली रक्कम युद्ध जिंकण्यास अपुरी आहे आणि उद्देश एम. पी. एल. ए. ला सुखासुखी विजय मिळू न देणे एवढाच आहे, हे त्यास प्रथम उमगले. मग तीच फसवणूक घराकडे वळलेली त्याने पाहिली. क्यूबाच्या सैनिकांनी अंगोलातील स्त्रियांवर अत्याचार केल्याची कथा लुसाका येथील केंद्राने रचली आणि ती वृत्तपत्रांतून जगभर पसरली. अंगोलाच्या भूमीवर अमेरिकन सल्लागार वावरत असताना काँग्रेसच्या समित्यांना तसे नसल्याचे सांगण्यात आले, असे त्याचे कथन आहे. वार्ता आणणे हे ज्या खात्याचे काम, त्या खात्यातच खऱ्या वार्तेस स्थान उरले नव्हते.

हा भ्रमनिरास एका क्षणात झालेला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये सिनेटने अंगोलासाठीचा पैसा रोखला, तोपर्यंत आणि त्यानंतर आवराआवर होईपर्यंतही स्टॉकवेल आपल्या पदावर होता. राजीनामा देऊन त्याने संचालक टर्नर यांना लिहिलेले खुले पत्र 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये प्रसिद्ध झाले ते १० एप्रिल १९७७ रोजी. शंका आणि त्याग यांमधील हे अंतर अभ्यासकाने विशेष न्याहाळावे. कारण या काळातही साक्षीदार हुकूम पाळीतच असतो. परराष्ट्र खात्यातील आफ्रिका विभागाचे प्रमुख नॅथॅनिएल डेव्हिस यांनी याच धोरणास विरोध करून १९७५ मध्येच पद सोडले. परंतु त्यांनी त्या वेळी जाहीर वाच्यता केली नाही, आणि धोरणही बदलले नाही.

आता साक्षीची चिकित्सा करू. परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी जानेवारी १९७६ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले की, अमेरिकेची मदत ही रशिया व क्यूबा यांच्या हस्तक्षेपाची प्रतिक्रिया होती. स्टॉकवेलने हा क्रम उलटा असल्याचे म्हटले. पुढे पिएरो ग्लेइहेसेस यांनी क्यूबाचे दफ्तर अभ्यासून २००२ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावरून असे दिसते की, क्यूबाचे लष्करी शिक्षक ऑगस्ट १९७५ च्या अखेरीस आले, दक्षिण आफ्रिकेचे सैन्य ऑक्टोबरात आत घुसले आणि क्यूबाने लढाऊ सैन्य धाडण्याचा निर्णय घेतला तो ४ नोव्हेंबरला. अमेरिकेचा जुलैतील निर्णय या सर्वांच्या आधीचा आहे. लुआंडा येथील अमेरिकन वाणिज्यदूत किलोरन यांच्या मते देश चालविण्यास एम. पी. एल. ए. च अधिक पात्र होती, असेही स्टॉकवेलने लिहिले होते. १९७५ मध्ये लुआंडा येथील केंद्राचे प्रमुख असलेले रॉबर्ट हल्टस्लँडर यांनी ग्लेइहेसेस यांना दिलेल्या मुलाखतीत आपणही त्याच मतास आलो होतो, असे सांगितले. म्हणजे घटनांच्या क्रमाविषयी बखर खरी ठरली. मात्र वरिष्ठांच्या मनातील हेतूंविषयी लेखक जे तर्क करतो, त्यांस तेवढे वजन देता येत नाही.

याच काळातील इतर साक्षींशी तुलना उद्बोधक आहे. फिलिप एजी याने १९६५ मध्ये मोंतेव्हिदेओच्या पोलीस मुख्यालयात छळ होत असलेल्या माणसाच्या किंकाळ्या ऐकल्या. त्या माणसाचे नाव पोलिसांना त्यानेच पुरविले होते. तरीही त्याने नोकरी सोडली ती त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ रोजनिशीच्या स्वरूपात आहे. पण ती रोजनिशी मागाहून रचलेली आहे. त्याने अनेक सहकाऱ्यांची नावे उघड केली आणि पुढे क्यूबाशी त्याचे संबंध जुळले. त्यामुळे त्याची साक्ष अधिक सावधपणे वापरावी लागते. उलट फ्रँक स्नेप याने १९७७ मध्ये सायगावच्या पाडावाविषयी आणि तेथे मागे सोडून दिलेल्या व्हिएतनामी सहायकांविषयी लिहिले. त्याच्या ग्रंथात कोणतेही गुपित फुटले नाही, हे खटल्यापुरते शासनाने मान्य केले. असे असूनही, पूर्वपरवानगीवाचून प्रकाशन करून त्याने कराराचा भंग केला, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ग्रंथाचे सारे उत्पन्न शासनाकडे वळविले. ग्रंथात सांगितलेले सत्य की असत्य, हा प्रश्न या निर्णयात उद्भवलाच नाही.

तोच प्रश्न इतिहासकाराच्या दृष्टीने मुख्य आहे. भ्रमनिरास झालेल्या सेवकाची साक्ष स्वीकारताना त्याचा राग वजा करावा. परंतु जेथे तो स्वतःच्या हातून घडलेल्या कृत्याविषयी बोलतो, तेथे त्यास सर्वाधिक वजन द्यावे, कारण ते कथन त्याच्या हिताविरुद्ध असते. त्याचबरोबर ही साक्ष कचेरीची आहे, देशाची नव्हे, हेही विसरता कामा नये. वॉशिंग्टनमधील पथकाचे काम १९७६ मध्ये आटोपले. अंगोलातील यादवी थांबली ती २००२ मध्ये. स्टॉकवेलच्या ग्रंथावरून ती आग चेतविण्यातील एक हात ओळखता येतो. जे त्या आगीत होरपळले, त्यांचा इतिहास मात्र त्यांच्याच साधनांवरून लिहावा लागेल.