औरंगाबादचं दत्तकविधान

इस्टेटीसाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, हे आपण गावोगावी पाहतो. पण मृत्युपत्र सांभाळणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात? पुण्याच्या ताईमहाराज प्रकरणात हे घडलं, आणि तो आरोपी होता लोकमान्य टिळक.

सरदार बाबामहाराज पंडित 7 ऑगस्ट 1897 रोजी वारले. राजद्रोहाच्या खटल्यात टिळक तेव्हा नुकतेच जामिनावर सुटले होते. तरीही मित्राने अखेरच्या घटकेला विश्वस्तांत त्यांचं नाव घातलं. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असं मृत्युपत्रात होतं. मुलगा झाला, पण जगला नाही.

जून 1901 मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुण्याला परतल्यावर ताईमहाराजांनी तो विधी झालाच नाही म्हटलं आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतलं. वारस दोन, इस्टेट एक! टिळकचरित्रं ताईमहाराजांना दोष देऊन मोकळी होतात. मला ते पटत नाही. दत्तक आला की विधवेचा इस्टेटीवरचा हक्क सरायचा. मग आपल्या मर्जीतला मुलगा हवा, असं त्या बाईला वाटलं तर नवल काय?

मग टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला. 1903 मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी, अपिलात सहा महिने, आणि मार्च 1904 मध्ये हायकोर्टातून सुटका. दिवाणी दावा चालूच होता. 1906 मध्ये पुण्याचं कोर्ट टिळकांच्या बाजूने गेलं. 1910 मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात!

1915 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचं दत्तकविधान खरं ठरवलं. साक्षीदाराच्या आधीच्या जबान्या आणि कागद त्याच्यापुढे न ठेवता, त्याला खुलाशाची संधी न देता हायकोर्टाने त्याला खोटारडा ठरवलं, यावर लॉर्ड शॉ यांनी कडक ताशेरे ओढले. तेव्हा हा नियम 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 145 मध्ये होता. 2023 च्या नव्या कायद्यात तो कलम 148 मध्ये आहे. उलटतपासणीचा वाद निघाला की वकील आजही ‘टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ हा निवाडा काढतात. यातले श्रीनिवास म्हणजेच बाळामहाराज.