थारोळ्याकाठचा पुदिना

कृष्णा आणि कोयना या नद्या कराडला समोरासमोरून येऊन मिळतात आणि तेथून पुढे एकत्र प्रवाह पूर्वेकडे वळतो. तरीही या परिसरातील पुदिन्याचा माग काढायचा तर नदीपेक्षा विहिरीकडे वळावे लागते. काश्मिरात ओढ्याकाठी रानपुदिना आपोआप माजतो. दख्खनच्या पठारावर मात्र तो माणसाने आणला आणि माणसाने उपसलेल्या पाण्यावरच तो तगला. कराडवर बहमनींचा आणि पुढे विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता, त्यामुळे इराणी वळणाच्या स्वयंपाकाबरोबर तो इकडील कसब्यांत रुळला असावा, हे अनुमान वाजवी ठरते.

जुन्या महसुली व्यवहारात बागायत जमिनीचे दोन मुख्य प्रकार होते : विहिरीच्या मोटेने भिजणारी ती मोटस्थळ आणि ओढ्याला बांध घालून काढलेल्या पाटाने भिजणारी ती पाटस्थळ. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली गेले की ती भरून वर येई आणि तिच्या सोंडेतले पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, कोसळून पाटाला लागे. थारोळ्याच्या सांध्यांतून सतत झिरपणारे पाणी भोवतालची हात-दोन हात माती बारमाही ओली ठेवी. ही जागा नांगराच्या अडचणीची आणि उसाला अपुरी, पण पुदिना आणि अळू यांना नेमकी मानवणारी होती.

पुदिना सहसा बियांपासून लावत नाहीत. जमिनीलगत धावणाऱ्या फुटव्याचा पेरासकट तुकडा चिखलात दाबला, की पेरापेराला मुळ्या सुटतात आणि थोड्याच दिवसांत खरबरीत, दातेरी कडांची पाने डोके वर काढतात. एका घरच्या परसातून दुसरीकडे असा हातोहात जाणारा हा पाला साराआकारणीत स्वतंत्रपणे येण्याचे कारणच नव्हते, आणि शेतीचा इतिहास बहुतांशी सारा भरणाऱ्या पिकांचाच लिहिला गेला. भाकरीबरोबरची हिरवी चटणी ज्यावर अवलंबून होती, त्या झिरपत्या पाण्याची दखल त्यात नाही, ही खरोखर मोठी उणीव आहे.

1860 च्या दशकात कराडजवळ खोडशी येथे बंधारा घालून कृष्णा कालवा काढण्यात आला, तेव्हा कालव्याकाठी ओलाव्याच्या नव्या जागा तयार झाल्या. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, तेथे कालांतराने पंप तयार होऊ लागले आणि इंजिन व वीज यांनी मोटेला मागे सारले. पंपाचे पाणी नळातून थेट सरीत पडू लागल्यावर थारोळ्याचे प्रयोजन उरले नाही. ठिबक सिंचनाने, ज्यात पाणी थेंबाथेंबाने पिकाच्या मुळाशीच पोचते, पाटही अनावश्यक केला. पाण्याची ही काटकसर उसाच्या या पट्ट्यात निकडीचीच आहे. मात्र तिच्यामुळे पूर्वी बांधावर फुकट मिळणारा पुदिना आता वाफ्यात मुद्दाम लावला जातो आणि मंडईत जुडीच्या भावाने विकत घ्यावा लागतो.