बंदर ते कारखाना : धोकादायक मालाची वाहतूक व माहितीचा प्रश्न

प्रस्तावना :
वसईच्या इतिहासाचा अभ्यास प्रामुख्याने किल्ला, खाडी आणि समुद्रमार्गे चालणारा व्यापार यांच्या अनुषंगाने झालेला आहे. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात या भूभागाला नवे स्थान प्राप्त झाले. वसई गाव व होळी यांसारख्या जुन्या वस्त्या पश्चिमेस राहिल्या, तर तालुक्याच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग गेला. मुंबई परिसरातील बंदरे, तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत आणि गुजरातमधील रासायनिक कारखाने यांना जोडणारा हा मार्ग आहे. त्यावरून जाणाऱ्या मालात ज्वलनशील व विषारी पदार्थांचाही समावेश असतो. अशा वाहतुकीच्या सुरक्षिततेचा विचार कसकसा विकसित होत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबई गोदीतील स्फोट (१९४४) :
'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये बर्कनहेडहून निघाले व कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईस आले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. कराचीत त्यात कापसाच्या हजारो गासड्यांची भर पडली. दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात तळाशी कापूस आणि वरच्या भागात स्फोटके अशी रचना होती. स्फोटके गोदीबाहेर लहान पडावांत उतरवून घेण्याची शांतताकाळातील प्रथा युद्धाच्या निकडीमुळे बाजूस ठेवण्यात आली होती. धोकादायक मालाची सूचना देणारा लाल बावटाही जहाजावर नव्हता.

१४ एप्रिल रोजी दुपारी कापसाला आग लागल्याचे लक्षात आले. त्यानंतर सुमारे दोन तास हाती होते. मात्र जहाज जागीच बुडवावे की समुद्रात न्यावे, याविषयी अधिकाऱ्यांमध्ये एकमत झाले नाही. चार वाजून गेल्यावर पहिला व अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत ८०० ते १,३०० च्या दरम्यान आढळते. त्यांत मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा समावेश होता. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. युद्धकालीन निर्बंधांमुळे या घटनेचे वृत्तही आरंभी दडपले गेले. एकूणच, मालाइतकाच मालाविषयीच्या माहितीचा अभावही घातक ठरला.

बंदराकडून रस्त्याकडे :
औद्योगिकीकरणाबरोबर हा धोका गोदीच्या भिंतीबाहेर आला. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर व मालट्रक यांची टक्कर झाली आणि टँकर रस्त्याखाली उलटला. पेट्रोल गळत राहिले. सुमारे चार तासांनंतर त्याचा स्फोट झाला व तोवर जवळ जमलेले लोक भाजले. त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. उलटून पडलेला टँकर 'वापरात' होता काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालयाने 'वापर' या शब्दाचा व्यापक अर्थ ग्राह्य धरून नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला. स्फोटापूर्वीचे ते चार तास १९४४ च्या दोन तासांची आठवण करून देतात. दोन्ही वेळी अवधी उपलब्ध होता, परंतु भोवतालच्या माणसांना धोक्याचे स्वरूप ज्ञात नव्हते.

कायद्याची वाटचाल :
स्फोटकांविषयीचा कायदा १८८४ चा, तर पेट्रोलियमविषयीचा १९३४ चा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कायद्याची दृष्टी अधिक व्यापक झाली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहनावर पदार्थाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रसंघीय क्रमांक, धोक्याचे चिन्ह व आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक दर्शविणारा फलक आवश्यक ठरविला. माल पाठविणाऱ्याने वाहतूकदारास आणि वाहतूकदाराने चालकास पूर्ण माहिती देण्याचे बंधन आले. चालकाचे प्रशिक्षणही अनिवार्य झाले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता तातडीच्या मदतीची तरतूद केली. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गटांची रचना केली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, नियमांचा प्रवास मालाच्या नियंत्रणाकडून माहितीच्या प्रसाराकडे झाला आहे. तथापि ही साखळी पाठविणारा, वाहतूकदार, चालक आणि अग्निशमन दल यांच्यापाशी थांबली, तर रस्त्यालगतचा ग्रामस्थ तिच्या बाहेरच राहतो. फलकावरील चिन्ह वाचता न येणाऱ्यास तो फलक असून नसल्यासारखाच होय. उलटलेल्या टँकरपासून दूर राहावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे सरावे, ठिणगी टाळावी, ही साधी माहिती महामार्गालगतच्या गावांत व शाळा-महाविद्यालयांत पोहोचविणे हे स्थानिक आपत्ती गटांचे व शिक्षणसंस्थांचे समान कार्य आहे. वसईसारख्या तालुक्यात, जिथे खाडी, महामार्ग व दाट वस्ती परस्परांलगत आहेत, तिथे या कार्याची निकड विशेष आहे.